चिखलदऱ्याची सहल: आखणी मुलांच्या हाती द्या



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून एकच विषय निघतो, यंदा सहल कुठे? स्टाफरूममध्ये दहा मिनिटांत ठिकाण ठरतं. एखाद्या सरांच्या ओळखीचा गाडीवाला असतो, त्याच्याकडे छापील यादी तयार असते: सकाळी हे मंदिर, मग तो धरणाचा बगीचा, मग किल्ला, मग पाण्याच्या घसरगुंड्या, रात्री नऊपर्यंत परत. माणशी इतके रुपये. वर्गात जाऊन आपण फक्त रक्कम आणि शेवटची तारीख सांगतो. मुलं ओरडतात, "हो ऽऽ!" झाली सहलीची आखणी.

मीही हे बरीच वर्षं केलं. आता करत नाही. का करत नाही, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही 41 मुलं घेऊन अशाच एका यादीतल्या सहलीला गेलो होतो. दुपारी एका ठिकाणाहून बस निघताना मी दारात उभी राहून मोजणी केली. 41 भरले. बस सुटली. पंधरा-वीस मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हा पोरगा आपला नाही." खरंच नव्हता. दुसऱ्या जिल्हा परिषद शाळेचा होता, गणवेश तोच, गर्दीत आमच्या रांगेत शिरला होता. म्हणजे 41 बरोबर होते आणि आमचा एक मागे राहिला होता. पाचवीतला.

बस वळवून परत जाईपर्यंत माझं काय झालं ते लिहीत नाही. तो एका चहाच्या गाडीजवळ बसलेला सापडला. चहावाल्या दादांनी त्याला बिस्कीट दिलं होतं. रडतसुद्धा नव्हता. मी विचारलं, अरे, आवाज का नाही दिलास, कुणाला विचारलं का नाही? तो म्हणाला, "मॅडम, कोनाले काय विचारू? मले कुठं माईत होतं आपन कुठं चाललो ते."

चूक माझी होती, मोजणी मीच केली होती. पण त्याच्या त्या वाक्यातली चूक मोजणीच्या आधीची होती. त्याला पुढचं ठिकाण माहीत नव्हतं, किती वाजता निघायचं माहीत नव्हतं, शेजारी कोण बसणार हे ठरलेलं नव्हतं. आपण त्याला पोत्यासारखं गाडीत घातलं होतं, पोत्यासारखंच ते खाली राहिलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की सहल ज्यांची आहे त्यांनीच ती आखायची. शिक्षकाने तपासायची, दुरुस्त करायची, जबाबदारी घ्यायची, पण आखायची मुलांनी.

यंदा सहावी-सातवीच्या 38 मुलांनी चिखलदरा निवडलं आहे. आधी मागणी वाघ बघायची होती. "मॅडम, मेळघाटात जाऊ, तिथं वाघ असते." मग आम्ही मेळघाटच शिकायला घेतला आणि पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. फळ्यावर 'गुगामळ राष्ट्रीय उद्यान' लिहिलं तर एका मुलीने विचारलं, तिथे झोपाळे आहेत का? बरोबरच आहे तिचं. उद्यान म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर यवतमाळचा बगीचा येतो. आपण शब्द देतो, अर्थ देत नाही. मग राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय, अभयारण्य म्हणजे काय, व्याघ्र प्रकल्प म्हणजे काय, यात दोन तास गेले. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा आणि त्यातली चार आपल्या विदर्भात, ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामळ, हे कळल्यावर वर्गाची मान जरा ताठ झाली. त्यात डोंगरातलं म्हणावं असं गुगामळच. क्षेत्रफळ सुमारे 361 चौरस किलोमीटर. आपल्या कळंबवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांकही 361, त्यामुळे हा आकडा आता मरेपर्यंत कुणी विसरणार नाही. मेळघाट हा 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक, आणि गुगामळ हा त्याचा गाभा.

आता पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट. राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात आपल्या मनाने पायी हिंडता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे परवान्याशिवाय आत जाता येत नाही, आणि परवाना मिळाला तरी वाहन, वाट, वेळ आणि सोबतचा वाटाड्या वनविभाग ठरवतो. पावसाळ्यात बरेच मार्ग बंद असतात. पालकसभेत एक काका म्हणाले, "आपल्याच जंगलात जायले परवानगी कायले?" राग समजण्यासारखा आहे. पण हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत योसेमिटी नावाच्या राष्ट्रीय उद्यानात हाफ डोम म्हणून एक मोठा सुळका आहे. तिथे लोक मोकळेपणाने पायी फिरतात, पण त्या सुळक्यावर दोर धरून चढायचं तर आधी सोडतीत परवाना लागावा लागतो. सोडतीत नाव नाही आलं तर खालून बघून परत. जागा जपायची म्हटलं की कुणाला तरी कधी तरी 'आज नाही' ऐकावंच लागतं, आणि ते लहानपणी ऐकलेलं बरं.

म्हणून आमच्या मुलांनी गाभा सोडला आणि पायी चालण्यासाठी गाविलगड घेतला. चिखलदऱ्याला लागूनच आहे, तिथे पायीच फिरायचं असतं, आणि वाट जंगलातूनच आहे. वाघाचं नाव काढलं नाही असं नाही. पण "वाघ दिसन काय?" हा प्रश्न "वाघ तिथे का राहू शकतो?" असा झाला, हे माझ्या दृष्टीने सहलीला निघण्याआधीच मिळालेलं उत्तर.

कळंब ते चिखलदरा अंतर काढणं हा पहिला खरा हिशेब. कळंब–यवतमाळ, यवतमाळ–नेर–अमरावती, अमरावती–परतवाडा, मग घाट. बेरीज दोनशेच्या घरात जाते. बस ताशी 40 ने धरली तर पाच तास. सगळ्यांनी वहीत पाच लिहून पेन खाली ठेवलं. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने सातवीतली एक जण म्हणाली, "पण मॅडम, बस थांबनच नाही का?" मग सुरू झालं: नाश्ता अर्धा तास, मुलींना जायला जागा कुठे, घाटात बस ताशी 40 ने चढेल का, आणि ओकारी. ओकारीचे तिघे तर स्वतःहून हात वर करून पुढच्या बाकावर नावं लावून बसले. पाचाचे सात तास झाले. भाषेच्या पुस्तकात 'अंदाज' हा शब्द असतो, तो हाच. सात तास जायला म्हणजे एका दिवसात परत येणं नाही, हे मुलांनी स्वतः शोधलं. मी सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं मॅडम घाबरतात. (घाबरते. त्यात लाजायचं काय?)

इथेच एक जुनी आठवण कुणाच्या तरी आजोबांमुळे वर्गात आली. यवतमाळहून मूर्तिजापूर, आणि मूर्तिजापूरहून अचलपूर अशी शकुंतला धावायची, अरुंद रुळांची. अचलपूर म्हणजे परतवाड्याच्या शेजारीच, सातपुड्याचा पायथा. म्हणजे एके काळी यवतमाळच्या माणसाला आगगाडीत बसून मेळघाटाच्या दारात उतरता येत होतं. आता शकुंतला बंद आहे आणि आपल्याकडे वर्धा–कळंब अशी नवी मोठी लाइन 2024 मध्ये सुरू झाली आहे. मुलं म्हणाली, आमची गाडी उलट्या दिशेला जाते. खरं आहे.

नकाशाचा भाग मला स्वतःला फार आवडला, म्हणून जरा लांबण लावते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात 1:50,000 हे प्रमाण असतं, एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. मुलं पट्टी ठेवून अंतर सांगतात, पण डोंगरात पट्टी खोटं बोलते. कागद सपाट, डोंगर उभा. समोच्च रेषा सातवीच्या भूगोलात आपण शिकवतो आणि मुलं परीक्षेत बोटांच्या ठशासारखी काहीतरी वर्तुळं काढून देतात. यंदा घरून बटाटे आणायला सांगितले. बटाटा मधून उभा कापायचा, अर्धा भाग पालथा ठेवायचा, हा झाला डोंगर. आता त्याच्या सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. बटाट्याचा जो भाग उभा होता तिथे रेषा जवळजवळ आल्या, जो सपाट होता तिथे लांब गेल्या. "म्हणजे जिथं रेषा चिकटल्या तिथं दम लागते!" अशी व्याख्या एकाने केली. मी डी.एड.ला असताना समोच्च रेषेची व्याख्या पाठ केली होती, ती आता आठवत नाही, ही मात्र विसरणार नाही. बटाट्याची भाजी त्या दिवशी खिचडीत गेली.

मग चालण्याचा वेग. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये साधा नियम सांगितला. मोठ्या माणसाने ताशी पाच किलोमीटर धरावेत, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. जगभर अजून वापरतात. पण तो मोठ्यांसाठी, आणि एकट्या-दुकट्यासाठी. 38 मुलांचा वेग किती? तो पुस्तकात नसतो, मोजावा लागतो. एका शनिवारी आम्ही शाळेतून कळंबच्या चिंतामणीपर्यंत पायी गेलो, चार किलोमीटर. एक तास वीस मिनिटं लागली, म्हणजे ताशी तीन. तेही सपाट डांबरी रस्त्यावर. मंदिर जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून दर्शनाला जावं लागतं, आणि वर येताना कोणाला धाप लागते तेही दिसून आलं. दोघांना लागली. एकीच्या आईने आजवर कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी संध्याकाळी येऊन सांगितलं की तिला दम्याचा त्रास आहे. हे चिखलदऱ्याच्या वाटेवर कळलं असतं तर? सराव चालणं म्हणजे वेळेचा अपव्यय असं म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी एवढंच सांगते.

मुलांनी त्यावरून नियम केला: दिवसाला सहा किलोमीटरच्या वर चालायचं नाही. ताशी तीन म्हणजे दोन तास, चढाचा आणि थांबण्याचा वेळ वेगळा. यादीवाल्या गाड्या एका दिवसात आठ-आठ ठिकाणं दाखवतात. आमच्या आखणीत पहिल्या दिवशी संध्याकाळी एक दरीचा पॉइंट आणि दुसऱ्या सकाळी गाविलगड, बस. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं म्हणतात ती कीचकदरी, त्यावरून चिखलदरा, ही कथा संध्याकाळच्या पॉइंटवर सांगायची. सांगणारा सातवीतला आहे, मी नाही.

पाण्याचं गणित मात्र सगळ्यांनी आपापल्या वर्गात करून बघा. एका मुलाला दिवसाला दोन लिटर. 38 मुलांना 76. वीस लिटरचे कॅन किती? 76 भागिले 20, भागाकार 3, बाकी 16. एकाने उत्तर लिहिलं: "3 कॅन, बाकी 16." पुस्तकी उत्तर बरोबर, पूर्ण गुण. मी विचारलं, ती बाकी कुठे आहे? बाकी म्हणजे सोळा लिटर, म्हणजे आठ मुलं तहानलेली. वर्गात आठ जणांना उभं केलं, "ही बघा बाकी." तेवढ्यात एकाने विचारलं, मॅडम, तुम्ही पाणी पिणार नाही का? आम्ही चार शिक्षक. मग 42 माणसं, 84 लिटर, चार कॅन भरून चार लिटर कमी. पाच कॅन ठरले. सहावीतल्या मुलाला बाकीची भीती वाटते ती ती कुठेच दिसत नाही म्हणून. इथे ती दिसली.

आणि वजन. शाळेच्या दप्तराबद्दल केंद्राच्या 2020 च्या धोरणात नियम आहे, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. तोच पाठीवरच्या पिशवीला लावला. 26 किलोच्या मुलीला 2 किलो 600 ग्रॅम. दोन लिटर पाणी म्हणजेच दोन किलो गेले. उरले सहाशे ग्रॅम, त्यात डबा, स्वेटर, टोपी. बसत नाही. वाद झाला, स्वेटर काढा म्हणे. मग थंडीचा हिशेब केला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर, आपलं पठार चारशेच्या आसपास धरलं तर फरक सातशेचा. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे साडेचार अंश. कळंबला ज्या रात्री दोन रजया लागतात त्या रात्री तिथे काय होईल? स्वेटर राहिला. ठरलं असं की पिशवीत एकच लिटर, उरलेलं बसमधल्या कॅनमधून परत आल्यावर. हे मुलांनी ठरवलं, मी फक्त वजनकाटा आणून दिला.

खाण्यावर मी मत दिलंच नाही, कारण त्यात मुलांपेक्षा आया जास्त बोलतात. दशम्या, तिळाची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा. पाकिटातलं काही न्यायचं नाही हा नियम मात्र मुलांचा, कारण पाकीट परत आणावं लागतं आणि चिवड्याचा डबा तसाही परत येतोच. माकडांसमोर डबा उघडायचा नाही. आणि आग्या मोहोळ दिसलं तर ओरडायचं नाही, धूर नाही, दगड तर नाहीच.

आता ज्या गोष्टीवर माझे काही शिक्षक मित्र माझ्याशी भांडतात त्याकडे येते. ते म्हणतात, मॅडम, एवढं सगळं करता, मग मुलांना कोरकू गाव दाखवा, आदिवासी संस्कृती कळेल. मी तयार नाही. म्हणजे दोन मिनिटं बस थांबवून, चाळीस मुलं उतरवून कुणाच्या अंगणात डोकावणं, चुलीचा फोटो काढणं, हे मला पटत नाही. आपल्या वस्तीत कुणी अशी बस थांबवली तर आपल्याला कसं वाटेल? आपल्या भागातल्या पऱ्हाटीच्या शेतावर, घरातल्या दुःखावर कॅमेरे घेऊन आलेली माणसं आपण पाहिलेली आहेत. मेळघाटाचंही तसंच झालं आहे, कुपोषण म्हटलं की मेळघाट, एवढीच ओळख बाहेरच्यांना. मुलांनी त्यापेक्षा वेगळं काही घेऊन यावं. म्हणून आम्ही आधी भाषा घेतली. कोरकू ही मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लागलं की अनेकवचन, कोरकू म्हणजे माणसं. 'सिपना' म्हणजे साग, आणि मेळघाटातल्या मोठ्या नदीचं नावही सिपना. सागाची नदी! वर्गात एक मूल बराच वेळ ते पुटपुटत बसलं होतं.

त्या नदीचीही एक गंमत. आपल्या कळंबकडचं पाणी वर्धा नदीला मिळतं, तिथून गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. सिपना, गडगा या तापीला मिळतात आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे बसमध्ये बसल्याबसल्या आपण एक अशी रेषा ओलांडणार, जिच्या अलीकडे पडलेला पाऊस पूर्वेला जातो आणि पलीकडे पडलेला पश्चिमेला. ती रेषा रस्त्यावर कुठे ते ओळखायचं काम दोघींकडे दिलं आहे.

आणि एक प्रश्न असा आला की मला उत्तर देताना थांबावं लागलं. वाघासाठी गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड अशी गावं बाहेर हलवली गेली, हे मी सांगितलं. मोकळ्या झालेल्या गावठाणावर गवत वाढतं, हरणं येतात, त्यांच्यामागे वाघ येतो, हेही सांगितलं. मागून विचारलं गेलं, "मग मॅडम, तिथल्या शाळेचं काय झालं?" शाळाही गावाबरोबर उठते, असं म्हणाले. पुढे काही बोलले नाही. आपल्या जिल्ह्यात धरणाखाली गेलेल्या गावांची मुलं आपल्याच वर्गात बसतात. हा प्रश्न तसाच वहीत लिहून ठेवायला सांगितला आहे. जंगल वाचलं पाहिजे आणि गाव उठलं, ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर राहू द्यावीत, त्यातलं एक खोडून दुसरं शिकवू नये, असं मला वाटतं.

इतिहासाचा तास सोपा गेला. गाविलगड बहमनी काळातला, दगडात कोरलेला शार्दूल दरवाजा बघण्यासारखा. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनच्या विरुद्ध जिंकला. विदर्भातल्या एका डोंगरावरून थेट युरोपात जाणारी ही वाट मुलांना फार आवडली. पण तोफा इथवर चढवल्या कशा, हा त्यांचा प्रश्न मात्र बटाट्याच्या चकत्यांमुळे आला.

शेवटी परतीची वेळ. डोंगरात परत कधी फिरायचं हे चढायच्या आधी ठरवायचं असतं. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर काही गटांनी दुपारी दोनपर्यंत फिरायचं हा अंदाज पाळला नाही, वादळात आठ माणसं गेली. त्यातले काही तर अत्यंत अनुभवी वाटाडे होते. आमचं एव्हरेस्ट छोटं आहे, पण नियम तोच: साडेबाराला जिथे असू तिथून परत. दरवाजा समोर दिसत असला तरी. घड्याळ एका मुलीकडे आहे आणि तिने 'परत' म्हटलं की मुख्याध्यापकांनीही वळायचं, असं त्यांच्याकडून सही घेऊन लिहून घेतलं आहे.

मोजणीचं काय केलं, ते विचाराल. आता मी आकडा मोजत नाही. 19 जोड्या आहेत. प्रत्येकाला फक्त आपला जोडीदार आहे का एवढंच सांगायचं. दुसऱ्या शाळेचा मुलगा शिरला तर त्याला जोडी नसेल, आपला राहिला तर त्याची जोडी ओरडेल. प्रत्येकाच्या खिशात मुलांनीच लिहिलेला कागद: कुठून कुठे, किती वाजता, हरवलो तर जिथे आहे तिथेच थांबायचं, दोन फोन नंबर. नेटवर्क नसलं तर काय, हेही लिहिलं आहे, कारण मेळघाटात ते अनेक ठिकाणी नसतं.

पैशाचं बोलायला हवं. एसटीच्या शालेय सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत असते, म्हणून खाजगी गाडी घेतली नाही. तरीही चार मुलांची रक्कम येणार नाही हे मला नोव्हेंबरातच माहीत आहे. सीतादही होऊन वेचणी लागली आहे, घरचा प्रत्येक हात शेतात आहे, मुलांचासुद्धा. म्हणून सहल जानेवारीत ढकलली. आणि मी ठरवलं आहे की आखणीत प्रत्येक मूल असेल आणि पैशामुळे कुणी गळणार नाही. नाही जमलं तर कोणीच जाणार नाही, सराव चालणं तेवढं करू. हे टोकाचं वाटेल. पण ज्याने बसचं गणित केलं, बटाटा कापला, त्यालाच सहलीच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसवून आपण हात हलवत निघून जायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

परवानग्यांचा कंटाळा सगळ्यांनाच आहे. 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर नियम कडक झाले, आणि ते झालेच पाहिजेत. रात्रीचा मुक्काम, शिक्षिका सोबत, संमतीपत्रं, प्रथमोपचार, सगळं आधी वरच्या कार्यालयाला विचारूनच. पण संमतीपत्रावर पालकाची सही आपण घेतो तेव्हा त्याने काय वाचलेलं असतं? बहुतेक वेळा काहीच नाही. यंदा संमतीपत्राबरोबर मुलाने घरी बसून आखणी वाचून दाखवायची आहे, आणि पालकाने एक तरी प्रश्न विचारायचा. प्रश्न लिहून आला नाही तर सही धरत नाही. आलेल्या प्रश्नांत एका आजीचा आहे: "रात्री पोराले लघवीले उठवणार कोन?" आखणीत हे खरंच राहून गेलं होतं. आता जोडीजोडीने लिहिलं आहे.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता दुसरं सराव चालणं आहे, यावेळी गावामागच्या टेकडीवर, पिशवीसकट. ज्या पालकांना वेचणीतून सवड होईल त्यांनी यावं. काटा सोबत असेल, पिशवी मोठ्यांचीही मोजली जाईल. शेवटच्या टोकाला चालण्याचं काम, म्हणजे सगळ्यांच्या मागे कुणी राहिलं नाही ना ते बघण्याचं, कुणाला हवं असं वर्गात विचारलं होतं. सातवीतल्या एका मुलाने लगेच हात वर केला. दोन वर्षांपूर्वी तो पाचवीत होता.